गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं

सुईणबाईंच्या गाडीला घरात आणि घराबाहेर सगळे ठमी म्हणत. हे नाव त्यांच्या भाचीने लहानपणी ठेवलं होतं. भाची मोठी झाली, लग्न करून टेकडीपलीकडच्या वस्तीत राहायला गेली, आणि या थंडीत तिचे दिवस भरत आले होते. ठमी मात्र अजून ठमीच होती. राखाडी रंगाची, गोल दिव्यांची, सेल्फ मारला की आधी जरा खाकरणारी आणि मग मुकाट्याने कामाला लागणारी.

ती कार्बुरेटरची गाडी. हल्लीच्या गाड्यांना बाहेर थंडी आहे की ऊन, हे आपलं आपण कळतं. ठमीला ते सांगावं लागे. थंडीत पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून गार इंजिनाला सुरुवातीला हवा थोडी कमी आणि पेट्रोल थोडं जास्त द्यायचं असतं. त्यासाठी कार्बुरेटरच्या तोंडावर रुपयाएवढी एक झडप असते. गाडीच्या आत, स्टिअरिंगच्या बाजूला एक काळं बटण असतं, तो चोक. बटण ओढलं की तार ओढली जाते, तार ओढली की झडप मिटते. इंजिन तापलं की बटण परत आत ढकलायचं. इतकी साधी गोष्ट. बाई हे इतकी वर्षं करत आल्या होत्या की हात आपोआप तिकडे जाई.

आणि या थंडीत ठमी सकाळची सुरू होईना.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा नदीकाठच्या एका घरून पहाटे निरोप आला होता. बाईंनी बॅग उचलली, गाडीत बसल्या, चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिन फिरत राहिलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा. शेवटी पेट्रोलचा वास नाकात भरला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वासाने की कशाने, त्यांचं त्यांना माहीत. दुधाच्या गाडीत बसून त्या पोचल्या, तेव्हा बाळ येऊन सासूच्या पदरात रडत होतं. सगळं ठीक होतं. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "अहो बाई, बसा, दमलात तुम्ही." पण बाईंना ते 'बसा' फार लागलं. सगळं ठीक झालं ते नशिबाने, आणि त्यांच्या कामात नशिबावर काही सोडायचं नसतं.

त्या दिवशी त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "या आठवड्यात गाडी सुधारली तर ठीक. नाहीतर माझा भाग दुसऱ्या कुणाकडे द्या. पहाटेचे निरोप मी घेणार नाही."

"आणि भाचीचं बाळंतपण?"

"तेही," बाई म्हणाल्या. भाचीला त्यांनीच या जगात आणलं होतं, आणि भाची फोनवर रोज एकच गाणं गात होती. "मावशी, तू आल्याशिवाय मी बाळाला सांगणार, थांब म्हणून."

"बाळं ऐकत असती तर मी आजवर रोज पोटभर झोपले असते," बाई म्हणायच्या. हसायच्या. फोन ठेवला की हसू उतरायचं.

ठमीला सोडून नवी गाडी घेण्याचं बाईंचं आता वय राहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणाला होता, "ताई, मला उठवत जा, मी सोडेन." पण बाळं मिस्त्रीची सोय बघून येत नाहीत, आणि मिस्त्री झोपला की ढोल वाजवूनही उठत नसे.

तसा मिस्त्री मनापासून झटत होता. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्याच हातांवर झालेल्या. दुपारी आला, गाडीत बसला, सेल्फ मारला, आणि ठमी एका फटक्यात सुरू! मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं, बाईंनी ठमीकडे.

"ताई, हिला काही झालेलं नाही."

"माझ्यासमोर नाटकं करते ही!"

मिस्त्रीने तरी प्लग काढून घासले, पॉइंट नीट केले. दुसऱ्या सकाळी ठमी ढिम्म. दुपारी मिस्त्री आला, ठमी चालू. त्याने बॅटरी नेऊन रात्रभर चार्ज केली. तिसऱ्या सकाळी पुन्हा ढिम्म. दुपारी पुन्हा चालू. मिस्त्रीने हात टेकले. "ताई, थंडी आहे हो. जुनी गाडी. थंडीत माणसं कुरकुरतात, ही तर गाडी."

हे सगळं बाईंचे यजमान ओट्यावर बसून पाहत होते. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. वर्गात कुणी घाईने परीक्षानळी उचलली की ते म्हणायचे, "हळू, हळू." त्यावरून मुलांनी त्यांचं नाव हळूसर ठेवलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की कुणी नुसतं 'सर' म्हटलं तर त्यांना चुकल्यासारखं वाटे. मिस्त्रीही त्यांचाच विद्यार्थी, खिडकीजवळच्या बाकावर झोपा काढलेला. सरांना गाडी चालवता येत नव्हती. डोळे अधू, म्हणून कधी शिकलेच नाहीत.

त्या संध्याकाळी ते बाईंना म्हणाले, "अगं, एक विचारू? बाईचा निरोप आला की पोटात दुखतंय, तर तू आधी काय करतेस?"

"विचारते. कधीपासून, किती वेळाने, नेमकं कुठे."

"आणि दुखायचं थांबल्यावर, दुपारी जाऊन तपासतेस?"

बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "नाही. दुखत असताना हात ठेवावा लागतो."

"मग! मिस्त्री रोज दुखायचं थांबल्यावर येतोय. उन्हाने इंजिन कोमट झालेलं असतं, त्याला चोक लागतच नाही. गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं, आणि ते तू पहाटे दहा वेळा सेल्फ मारून वाया घालवतेस. उद्या हात लावायचा नाही. तो आल्याशिवाय किल्लीसुद्धा नाही."

"आणि तेवढ्यात निरोप आला तर?"

"तर दुधाची गाडी आहेच," सर म्हणाले, आणि बायकोचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाले, "एकच सकाळ मागतोय गं."

मिस्त्रीला हे सांगितल्यावर त्याने डोक्याला हात लावला. "सर, पहाटे मी स्वतःच चालू होत नाही."

"तुझाही चोक बघू," सर म्हणाले. "शाळेत दुपारीसुद्धा तू चालू होत नव्हतास."

पण आला. कानटोपी, वर मफलर, त्यातून फक्त नाक बाहेर. अजून नीट उजाडलं नव्हतं. गाडीच्या काचेवर दव गोठून पांढरा थर बसला होता. सर बॅटरी घेऊन उभे, म्हणजे हातातली, उजेडाची. बाई अंगावर शाल घेऊन गाडीत बसल्या.

"आता घाई नाही करायची," सर म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बघायची. बघून झाली की ती बाजूला. मग पुढची."

"सर, तास सुरू झाला वाटतं," मिस्त्री मफलरातून म्हणाला.

"झोपू नकोस म्हणजे झालं."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. बाईंनी एकदाच सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं. म्हणजे बॅटरीत ताकद होती. ती बाजूला. मग त्याने एक प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला, आणि बाईंनी किल्ली फिरवली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी टचटच उडाली. म्हणजे आग होती. तीही बाजूला. मग त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि सरांनी उजेड धरला. कार्बुरेटरचं तोंड उघडं दिसत होतं.

"ताई, अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबा. हळू."

आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली.

"पेट्रोलही आहे," मिस्त्री म्हणाला. त्याची झोप आता पार उडाली होती. "सगळं आहे हो सर. मग पेटत का नाही ही?"

"अजून एक राहिलंय. चोक."

"ताई, चोक ओढा."

बाईंनी बटण ओढलं. "ओढला."

मिस्त्री वाकून बघत राहिला. "ओढा ना."

"ओढलाय."

"अहो ताई, ओढा!"

"अरे, हातात आलाय माझ्या! आणखी किती ओढू, घरात आणून ठेवू का?"

मिस्त्री सरळ झाला आणि त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी खाली कार्बुरेटरकडे बोट दाखवलं. झडप सताड उघडी होती. जराही हलली नव्हती.

मिस्त्री येऊन गाडीच्या दाराशी उभा राहिला. बटण खरंच पूर्ण बाहेर होतं, बाईंच्या मुठीत.

"तार तुटली," तो म्हणाला. पुढे जाऊन त्याने तार हाताने खेचून पाहिली. तार शाबूत होती. हाताने ओढली की झडप लगेच मिटत होती. "तुटलेली नाही. मग इकडून ओढल्यावर जाते कुठे?"

"अगं," सर म्हणाले, "हे बटण पूर्वी असंच यायचं का?"

बाई विचारात पडल्या. "नाही हो. पूर्वी ते फार घट्ट होतं. थंडीत तर दोन्ही हात लावावे लागायचे. आता कसं एका बोटाने येतं. मला वाटलं मिस्त्रीने तेल घातलं."

"मी? मी चोकला हातही लावला नाही."

"मग ते आपोआप गुणी झालं?" सर म्हणाले. "जुनी वस्तू आपोआप सोपी झाली की मला शंका येते. मिस्त्री, खालून बघ."

मिस्त्री पाय बाहेर आणि डोकं पॅडलांपाशी अशा अवस्थेत आडवा झाला. "ताई, ओढा. आत ढकला. ओढा." मग खालून त्याचं हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग मोठं.

"हसतोस काय? बोल की!"

"सर, तार ज्या नळीतून जाते ना, ती नळी डॅशबोर्डला मागून एका नटाने आवळलेली असते. तो नट सुटलाय. ताई बटण ओढतात तेव्हा नुसती तार नाही, अख्खी नळी बाहेर येते. बटणासकट. तार आतल्या आत जिथल्या तिथे. ताईंना वाटतं चोक ओढला, आणि तिकडे झडपेला पत्ताच नाही!"

बाईंनी मुठीतलं बटण असं सोडलं, जणू त्याने त्यांना फसवलं होतं. रोज सकाळी त्यांनी ते ओढलं होतं आणि मनात म्हटलं होतं, चोक ओढलाय, तो दोष नाही. ओढण्याच्या टोकाकडेच पाहत राहिल्या, दुसरं टोक कुणी पाहिलंच नाही.

मिस्त्रीने पाना लावून नट आवळला. आता बटण ओढताना बाईंना खांद्यापासून जोर लावावा लागला, आणि समोरून सरांचा आवाज आला, "मिटली! झडप मिटली!" त्या अधू डोळ्यांनाही ते दिसलं होतं.

सेल्फ मारला. ठमी खाकरली, एकदा थरथरली आणि सुरू झाली. बर्फाळ काचेमागे बसलेल्या बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसत होत्या आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत होत्या, आणि मिस्त्री कानटोपी काढून हवेत फिरवत होता.

"थांब थांब," सर म्हणाले. "पण नट सुटला कशामुळे?"

"सर, सुटतात हो नट. जुनी गाडी."

"इतकी वर्षं नाही सुटला, आताच का सुटला?"

"तुम्हाला ना, पेपर सुटला तरी उत्तर तपासायचंच असतं," बाई म्हणाल्या. "गाडी सुरू आहे ना? मी नदीकाठच्या बाळाला बघून येते. आजच वजन करायचंय." आणि त्यांनी घरातून बॅग आणली, गाडीत बसल्या, आणि रोजच्या सवयीने, न बघता, बॅगेचा पट्टा चोकच्या बटणाला अडकवला.

मिस्त्रीचा हात हवेत थांबला. सरांनी चष्मा वर केला.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

दोघंही बॅगेकडे पाहत होते. बाईंनी त्यांच्या नजरेमागून पाहिलं, आणि हळूहळू त्यांचा चेहरा लाल होत गेला.

त्यालाही कारण होतं. बाई शिकत असताना त्यांच्या मेट्रनने दंडक घातला होता की सुईणीची बॅग जमिनीला लागता कामा नये. म्हणून गाडीत ती खाली ठेवायची नाही. शेजारच्या जागेवर ठेवावी तर तिथे बहुधा कुणीतरी बसलेलं, कधी अवघडलेली बाई, कधी तिची घाबरलेली आई. मागे घोंगड्या आणि तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा. राहिलं काय, तर ते काळं बटण. कधीतरी अडकवली, आणि ती जागाच झाली.

"पण ताई, बॅग तर तुम्ही कायमच इथे लावत असाल," मिस्त्री म्हणाला. "मग..."

त्याने बॅग उचलून पाहिली आणि त्याचा हात खाली गेला. "आई गं! यात काय, विटा आहेत?"

बाईंनी बॅग उघडली. कापूस, कात्री, हातमोजे, आणि बाजूला उभा, तोंडापर्यंत चहाने भरलेला मोठा स्टीलचा थर्मास.

आता लाल व्हायची पाळी सरांची होती. थंडी सुरू झाल्यापासून ते रोज रात्री थर्मास भरून बॅगेत ठेवत होते. बायको पहाटे उपाशी निघते, तिला घोटभर गरम मिळावं म्हणून.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "थंडीने गाडी बंद पडली नाही. तुमच्या चहाने पडली!"

"थंडी पडली म्हणून चहा, चहा जड म्हणून नट," सर म्हणाले. "आणि थंडीतच चोक लागतो, म्हणून ते थंडीतच कळलं. बघ, कारणमीमांसा पूर्ण झाली." पण त्यांचा आवाज शिक्षकाचा नव्हता, चोरी पकडली गेलेल्या मुलाचा होता.

मिस्त्री गाडीला टेकून हसत राहिला. "सर, वर्गात इतकं सोपं करून कधी सांगितलं नाहीत हो!"

"सांगितलं होतं. तू झोपला होतास."

त्या दुपारी सरांनी एक पितळी आकडा शोधून काढला, आणि मिस्त्रीने तो शेजारच्या सीटच्या पाठीला मागच्या बाजूने, मजबूत जागी बसवला. बॅगेची नवी जागा ठरली. थर्मासही वेगळा झाला. तो मागे, घोंगडीत गुंडाळलेला.

पण नट आवळल्यावर एकदा सुरू झाली, म्हणून उद्या होईलच, यावर बाईंचा विश्वास बसेना. झोपेत त्यांच्या हातात बटण येत होतं, आणि मागून नळी, आणि नळीमागून आणखी नळी, संपतच नव्हती.

पहाटे फोन वाजला. भाचीचा नवरा होता, आवाज चिरका. "मावशी, सुरू झालंय. ती म्हणतेय घाबरू नकोस, पण मीच घाबरलोय."

"कधीपासून? किती वेळाने?" बाईंनी विचारलं, ऐकलं, आणि त्या शांत झाल्या. काम समोर आलं की त्या नेहमी शांत होत. "पाणी उकळत ठेव. मी निघाले."

बाहेर कालच्यापेक्षा जास्त थंडी होती. बॅग आकड्याला लागली. सर बॅटरी घेऊन समोर उभे राहिले, बॉनेट उघडून, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बाईंनी बटणाला हात घातला. ते आलं नाही. त्यांनी दुसराही हात लावला आणि खेचलं. करकरत, कुरकुरत, जुन्या खोडीने ते बाहेर आलं. इतकं घट्ट, की त्यांना त्याची पापी घ्यावीशी वाटली.

"मिटली!" सर ओरडले.

सेल्फ मारला. ठमी खाकरली. बाईंनी श्वास धरला. ठमी दुसऱ्यांदा खाकरली, आणि सुरू झाली, आणि सुरूच राहिली.

सरांनी बॉनेट लावलं आणि खिडकीशी आले. काहीतरी बोलणार होते. त्याऐवजी त्यांनी बायकोच्या खांद्यावरची शाल नीट केली. "हळू," ते म्हणाले.

टेकडीच्या चढावर इंजिन तापल्यावर बाईंनी बटण आत ढकललं. ते आत जातानाही कुरकुरलं. वरून पाहिलं तर वस्तीत एकाच घरात दिवा होता. बाई अंगणात पोचल्या तेव्हा भाची भिंतीला हात टेकून उभी होती, घामाने निथळलेली.

"मावशी," ती दात आवळून म्हणाली, "ठमीचा आवाज वळणावरच ऐकला मी. बाळाला सांगितलं, आता ये."

"बरं केलंस. पण अजून वेळ आहे. त्याला म्हणावं, हळू."

वेळ होता. बाईंनी हात धुतले, तपासलं, भाचीच्या नवऱ्याला कामं देऊन त्याचे हात गुंतवून ठेवले. मध्ये दोनदा बाहेर येऊन थर्मासमधला चहा प्यायल्या. तो अजून गरम होता. ऊन अंगणात उतरल्यावर बाळ आलं, मोठ्या आवाजाने, मावशीच्या दोन्ही हातांत. मुलगी होती.

सगळं आवरून बाईंनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला सरांनी उचलला.

"मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "दोघी छान आहेत."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"आणि बटण?" सरांनी विचारलं. "आत जाताना घट्ट होतं का?"

"अहो, मी काय सांगतेय, तुम्ही काय विचारताय!"

"ते ऐकलं गं, आनंद झाला. पण उत्तर तपासायला नको?"

बाई अंगणातल्या ठमीकडे पाहत हसल्या. काचेवरचा थर केव्हाच वितळला होता.

"घट्ट होतं," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यासारखं. आता डॉक्टरीणबाईंना फोन करते, माझा भाग माझ्याकडेच राहू द्या म्हणून. आणि थर्मास रिकामा झालाय. संध्याकाळी येते तेव्हा चहा टाकून ठेवा."